भाताच्या बियांतील साठवण प्रथिने

भाताच्या बियांतील साठवण प्रथिने म्हणजे दाणा भरताना त्यात साठणारी आणि बी रुजताना कोवळ्या रोपास नत्र पुरवणारी प्रथिने होत. ती जातीपरत्वे काहीशी भिन्न असतात. त्यामुळे भातजातींची ओळख व आनुवंशिक विविधता यांच्या अभ्यासात त्यांचा उपयोग होतो. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी व लगतच्या पालघर जिल्ह्यातील वाडा या तालुक्यांत भात हे खरिपाचे मुख्य पीक आहे.

प्रकार

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ थॉमस बर ऑसबॉर्न यांनी वनस्पतिज प्रथिनांचे विद्राव्यतेनुसार चार वर्ग केले. अल्ब्युमिन पाण्यात, ग्लोब्युलिन मिठाच्या द्रावणात, प्रोलामिन अल्कोहोलमध्ये आणि ग्लुटेलिन सौम्य आम्लात किंवा अल्कलीत विरघळते. मका व ज्वारीत प्रोलामिन प्रमुख असते, तर भातात ग्लुटेलिन. भाताचे ग्लुटेलिन रचनेने ओटमधील ग्लोब्युलिनाशी मिळतेजुळते आहे. भातातील प्रोलामिन पचनास तुलनेने कठीण असते.

विविधतेचा अभ्यास

बियांच्या पिठातून काढलेली प्रथिने विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने जेलमधून सरकवली जातात. लहान रेणू पुढे जातात, मोठे मागे राहतात आणि रंग दिल्यावर पट्टे दिसतात. एखाद्या जातीतील पट्टा दुसरीत फिका असतो किंवा आढळत नाही. नत्रखतामुळे दाण्यातील एकूण प्रथिन वाढते. परंतु पट्ट्यांचा आराखडा मुख्यतः जनुकांवर अवलंबून असतो. जवळच्या नात्यातील जातींचे पट्टे सारखेच दिसू शकतात. अशा वेळी डीएनए चाचणीची जोड द्यावी लागते.

या विविधतेचा लाभ आहारातही होतो. जपानमध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी, पचणारे प्रथिन कमी मिळावे म्हणून, अल्प ग्लुटेलिन असलेला भात विकसित करण्यात आला.

स्थानिक महत्त्व

कोकणात भाताच्या जाती पिकण्याच्या कालावधीनुसार हळव्या, निमगरव्या व गरव्या अशा ओळखल्या जातात. या विभागणीवरून कापणीचा काळ कळतो, दाण्यातील प्रथिनांचे स्वरूप कळत नाही. वाडा कोलम या तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असे नाव टिकण्यासाठी बियाणे अस्सल असणे आवश्यक असते आणि ते केवळ दाणा पाहून नेहमीच ठरवता येत नाही. कर्जत येथील संशोधन केंद्रातून प्रसारित झालेल्या सुधारित जाती अधिक उत्पादन देतात. मात्र गावठी वाण पेरणीतून बाद झाला आणि त्याचे बियाणे बीजपेढीतही जतन झाले नसेल, तर त्यातील जनुकांचा विशिष्ट संच कायमचा नष्ट होतो.