लोकसभेतील नाथ पै आणि आपला सीमाभाग

निवडणूक आली म्हणजे उमेदवार गावोगाव फिरतात आणि निवडणूक सरली म्हणजे प्रश्न मागे उरतात. रविवारी मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या आवारात चार कर्ती माणसे उभी राहिली, की "आपल्या खासदाराने दिल्लीला जाऊन केले तरी काय?" हा प्रश्न हमखास निघतो. त्याचे उत्तर बहुधा रस्ता, नळ आणि समाजमंदिर यांच्या हिशेबाने दिले जाते. वस्तुतः ही कामे मुख्यत्वे पंचायतीची आणि राज्य सरकारची होत. लोकसभेचा सभासद आपण पाठवितो तो प्रामुख्याने कायदे करण्यासाठी व सरकारला जाब विचारण्यासाठी. निपाणीच्या शेतकऱ्यास हे निराळे सांगावयास नको. तंबाखूवरील केंद्रीय अबकारीचा दर निपाणीत नव्हे तर दिल्लीत ठरत असे, आणि त्या दरावर कित्येक घरांचे वर्षाचे गणित अवलंबून असे.

सभासदाने सभागृहात काय केले हे पाहू गेल्यास एक अडचण पुढे येते. बहुतेक प्रस्ताव तेथे आवाजी मतदानाने निकालात निघतात. सभापती विचारतात, एक बाजू 'होय' म्हणते, दुसरी 'नाही' म्हणते, आणि कोणाचा आवाज मोठा ते पाहून निर्णय जाहीर होतो. कोणी कोणत्या बाजूस आवाज दिला याची नोंद राहत नाही. एखाद्याने मतविभाजन मागितले तरच नावनिशीवार मते नोंदविली जातात. त्यातही पक्षाचा आदेश असतो. १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती झाल्यापासून पक्षादेश मोडणाऱ्या सभासदाचे सभासदत्वच धोक्यात येते. तेव्हा नुसत्या मतांच्या यादीवरून माणूस ओळखू पाहणे म्हणजे गणवेशावरून विद्यार्थ्याची हुशारी ठरविण्यासारखे आहे. कोणतीही सक्ती नसता सभासदाने स्वतः होऊन कोणता विषय हाती घेतला, कोणते विधेयक मांडले, कोणत्या बाजूने युक्तिवाद केला, हेच पाहिले पाहिजे. या कसोटीवर पारखून पाहावा असा एक सभासद आपल्या सीमाभागाशी जन्मभर जोडलेला होता. ते म्हणजे बॅरिस्टर नाथ पै.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बेळगावच्या मराठी माणसाने ज्यांस आपले मानले, ते नाथ पै बेळगावच्या मतांवर कधीच निवडून आले नाहीत. ते १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीनही निवडणुकांत कोकणातील राजापूर मतदारसंघातून, प्रजासमाजवादी पक्षाच्या वतीने, लोकसभेत गेले. बेळगावचे प्रतिनिधी त्या वेळी काँग्रेसचे बळवंत नागेश दातार होते. दातार हे येथलेच वकील. १९५२ पासून केंद्रीय गृहखात्याचे उपमंत्री, पुढे राज्यमंत्री, आणि १९६३ साली मृत्यू येईपर्यंत ते त्याच खात्यात राहिले. ज्या राज्य पुनर्रचना कायद्याने १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, तो कायदा गृहखात्यानेच आणला होता. म्हणजे बेळगावचा खासदार त्याच खात्यात बसलेला! मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक असते. मंत्री म्हणून बसलेल्या माणसास सरकारविरुद्ध उभे राहता येत नाही. यास्तव दातारांना दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही. परंतु येथल्या मराठी मतदाराची तक्रार मांडावयास त्याच्या स्वतःच्या मतदारसंघाचा आवाज उपलब्ध नव्हता, हे खरे. शेजारच्या चिकोडीतून १९५७ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे दत्तात्रय आप्पाया कट्टी निवडून आले होते. ते विरोधी बाकांवर होते, पण त्यांचा पक्ष अगदी लहान.

सीमाप्रश्नाचे आणखी एक कायदेशीर मर्म आहे, ते पुष्कळांस ठाऊक नसते. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार फक्त संसदेस आहे. त्यास घटनादुरुस्तीचे मोठे बहुमत लागत नाही, साधे बहुमत पुरते. मात्र असे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडताच येत नाही. आणि राष्ट्रपतींची शिफारस म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाची इच्छा. महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार येथून अनेकदा निवडून गेले, पण ज्या विधानसभेत ते गेले तिला सीमा बदलण्याचा अधिकारच नव्हता. आणि जेथे तो अधिकार होता त्या लोकसभेत समितीस स्वतःची जागा मिळविता आली नाही. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले, ते दिल्लीचे लक्ष वेधून घेण्यासाठीच. मतपत्रिकेचे अक्षरशः पुस्तक झाले.

अशा स्थितीत विरोधी पक्षाचा एक सभासद करणार तरी काय? सीमेचे विधेयक त्यास मांडता येत नाही. १९६७ च्या लोकसभेत ५२० निर्वाचित जागा होत्या आणि त्यांपैकी प्रजासमाजवादी पक्षाकडे अवघ्या १३. नाथ पै यांच्यापाशी होते ते शब्दांचे सामर्थ्य, आणि ते त्यांनी सीमाभागासाठी सभागृहात व सभागृहाबाहेर वेचले. लोकांच्या इच्छेस मान देऊन प्रश्न सोडवावा, अशी त्यांची भूमिका होती. ही मागणी काही जगावेगळी नव्हती. गोव्याचा प्रश्न आला तेव्हा संसदेने १९६६ साली जनमत कौलाचा खास कायदा केला, आणि १६ जानेवारी १९६७ रोजी गोवेकरांनी मत दिले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांचे सोयरेधायरे त्या मतदानात होते. सीमाभागास मात्र कौल मिळाला नाही. मिळाला तो आयोग. ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांच्या आयोगाने ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल दिला. निपाणी महाराष्ट्रास द्यावी, बेळगाव शहर म्हैसूरमध्येच राहावे, असे त्याचे म्हणणे. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. संसदेने त्यावर कोणताही कायदा केला नाही.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्याचा. शिक्षणाचा काही काळ बेळगावात गेला, १९४२ च्या चळवळीत तुरुंगवास घडला, पुढे विलायतेस जाऊन ते बॅरिस्टर झाले. आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारच्या नोकरांनी पाच दिवसांचा संप केला, त्याचे ते एक पुढारी होते. मुंबईहून मुलाची मनीऑर्डर येईल म्हणून पोस्टमनची वाट पाहणाऱ्या घरांना त्या पाच दिवसांचा ताप झाला असेल यात शंका नाही. परंतु तुटपुंज्या पगारावर उन्हातान्हात टपाल वाटणारा तो पोस्टमनही कोणाच्या तरी घरचा कर्ता होता. सरकारने वटहुकूम काढून संप बेकायदा ठरविला, तेव्हा नाथ पै संपकऱ्यांच्या बाजूस राहिले.

परंतु त्यांच्या संसदीय जीवनातील सर्वांत मोठे कार्य सीमेचेही नव्हे आणि संपाचेही नव्हे. ते एका बिनसरकारी विधेयकाचे आहे, आणि त्याची सुरुवात एका ख्रिस्ती कुटुंबाच्या शेतजमिनीपासून होते.

पंजाबात जालंदर येथे गोलकनाथ नावाचे कुटुंब होते. हेन्री आणि विल्यम या दोघा भावांकडे ५०० एकरांहून अधिक जमीन होती. १९५३ च्या पंजाबच्या कुळकायद्याने प्रत्येकास ३० प्रमाणित एकरांहून अधिक जमीन ठेवण्यास बंदी केली. कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी अकरा न्यायाधीशांनी, सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने, निर्णय दिला की घटनेत लिहिलेले मूलभूत हक्क कमी करण्याचा अधिकार संसदेस नाही. घटनादुरुस्ती करूनही नाही. हा निर्णय मागील गोष्टींना लागू न करता पुढीलपुरता ठेवण्यात आला. त्यामुळे गोलकनाथांचे तत्त्व जिंकले, पण जमीन गेली ती गेलीच!

निकालास सहा आठवडेही झाले नव्हते, तोच ७ एप्रिल १९६७ रोजी, शुक्रवारी, नाथ पै यांनी लोकसभेत घटनादुरुस्तीचे विधेयक मांडले. शुक्रवार हा बिनसरकारी कामाचा दिवस असतो. मूलभूत हक्कांच्या भागासह घटनेचे कोणतेही कलम दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेस आहे, हे स्पष्ट करणे हा विधेयकाचा हेतू. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा होता : सत्ता अखेर लोकांची आहे. प्रौढ मतदानाने निवडलेली संसद ही त्या लोकांची प्रतिनिधी आहे. एका पिढीने लिहिलेल्या शब्दांनी पुढच्या पिढीचे हात कायमचे बांधले, तर जमिनीच्या सुधारणेसारखे कार्य अडून राहील. लोकांचे स्वातंत्र्य कमी करावे असा त्यांचा मुळीच उद्देश नव्हता.

वाचकहो, येथे आपण जरा थांबावे. अल्पसंख्याक समाजास हा वाद दुरून पाहण्याजोगा नव्हता. धर्माचरणाचे स्वातंत्र्य देणारा २५ वा अनुच्छेद आणि आपल्या शाळा स्थापून चालविण्याचा हक्क देणारा ३० वा अनुच्छेद, हे दोन्ही मूलभूत हक्कांतच येतात. आपल्या धर्मग्रामाची शाळा ज्या आधारावर उभी आहे तो आधार दोन-तृतीयांश बहुमताने काढून घेता यावा काय, हा प्रश्न त्या विधेयकात दडलेला होता. बिनसरकारी विधेयकाचे एवढे भय कशाला, असे कोणी म्हणेल. पण १९७८ साली ओमप्रकाश त्यागी यांनी धर्मांतराविषयी मांडलेले विधेयक बिनसरकारीच होते, आणि त्याने देशभरच्या ख्रिस्ती घरांची झोप उडविली होती. नाथ पै यांच्या मनात अल्पसंख्याकांविषयी आकस नव्हता, हे त्यांचे सारे जीवन सांगते. तरी कायदा करताना तो करणाऱ्याचे मन पाहून भागत नाही; पुढे तो कोणाच्या हाती पडेल हे पाहावे लागते. आमच्या मते नाथ पै यांचा विश्वास उदात्त होता, पण जरा अधिक होता. त्यांच्या समाजवादी मित्रांतही या विधेयकावरून मतभेद झाले. त्यांनी मात्र कोणाचीही मर्जी सांभाळण्यासाठी आपले मत सौम्य केले नाही.

विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, सभागृहात चर्चा झाली. पण अंतिम मतदान होऊन ते संमत होण्याचा योग आला नाही. स्वातंत्र्यानंतर संसदेने अवघी १४ बिनसरकारी विधेयके संमत केली आहेत, आणि त्यांतील अखेरचे १९७० सालचे, हे लक्षात घेतले म्हणजे यात नवल वाटणार नाही. २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली आणि नाथ पै यांचे विधेयकही तिच्याबरोबर निकालात निघाले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी १७ जानेवारी आला. १९५६ साली याच दिवशी सीमाभागात गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हापासून तो येथे हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवसासाठी नाथ पै १९७१ साली बेळगावात आले. हृदयविकाराने ते आधीच जर्जर झालेले होते. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावातच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. वय अवघे ४८. मार्चच्या निवडणुकीत राजापूरने मधू दंडवते यांना निवडून दिले, आणि त्यांनी ती जागा पुढे दोन दशके सांभाळली.

नाथ पै यांनी जे मागितले होते ते सरकारनेच पुढे आणले. २४ व्या घटनादुरुस्तीवर ४ ऑगस्ट १९७१ रोजी लोकसभेत मतविभाजन झाले : बाजूने ३८४, विरुद्ध २३. नोव्हेंबरमध्ये ती अमलात आली. नंतर २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ न्यायाधीशांच्या पीठापुढे, सात विरुद्ध सहा मतांनी, मधला मार्ग काढला. संसदेस मूलभूत हक्कांसह घटना दुरुस्त करता येईल, पण तिची मूळ चौकट मोडता येणार नाही. म्हणजे नाथ पै यांचे निम्मे म्हणणे मान्य झाले आणि निम्म्यास कुंपण पडले. ते कुंपण किती आवश्यक होते हे दोनच वर्षांनी आणीबाणीत दिसले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने न्यायालयांचे अधिकार छाटण्याचा यत्न झाला, तेव्हा विरोधी पक्षांचे अनेक सभासद तुरुंगात होते. नाथ पै जिवंत असते तर तेही त्यांच्यातच असते, असे आम्हांस वाटते.

सीमेचा प्रश्न २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात नेला आणि तो तेथे अनिर्णित आहे. नाथ पै यांची लोकसभेतील भाषणे सभागृहाच्या छापील वृत्तांतात शब्दशः सुरक्षित आहेत. आता ती संसदेच्या ग्रंथालयाने संगणकावरही ठेविली असून, कोणाही नागरिकास घरबसल्या वाचता येतात. सभासदाचे नाव आणि साल दिले की पुरे. चिकोडीचे आणि बेळगावचे आजवरचे सारे खासदार त्याच रीतीने शोधता येतात.