ओझरचे विमान आणि मुंबईचे जवळपण

नाशिककराला मुंबई कधीच परकी वाटली नाही. सकाळी सातच्या सुमारास नाशिक रोड स्थानकावर पंचवटी एक्स्प्रेस पकडावी, पावणेअकराच्या आसपास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरावे, काळबादेवी किंवा मस्जिद बंदरची कामे उरकावीत आणि सायंकाळी त्याच गाडीने घरी परतावे, हा क्रम १९७५ सालापासून चालत आला आहे. व्यापारी, बँकांचे कर्मचारी, वकील, मंत्रालयात खेटे घालणारे अर्जदार आणि टाटा रुग्णालयात उपचारांसाठी जाणारे रुग्ण या साऱ्यांचे दिवस या एका गाडीच्या वेळापत्रकाला बांधलेले असतात. कसारा घाटात गाडी अडली, तर कित्येकांचा तो दिवस वाया जातो. अशा शहराला मुंबईसाठी विमान मिळाले, तर ते हातोहात भरून जाईल, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात विमान आले, मात्र ते टिकले नाही. दुसरीकडे त्याच ओझरच्या धावपट्टीवरून मुंबईपेक्षा दुप्पट-तिप्पट दूरच्या शहरांना जाणारी विमाने मात्र स्थिरावली. हे उफराटे का घडले, हे समजून घेण्याजोगे आहे.

दोन मोठ्या शहरांमध्ये दिवसभर ये-जा करणाऱ्या विमानसेवेला ‘शटल’ म्हणतात. हा शब्द मुळात हातमागावरचा. येवल्याच्या पैठणीच्या मागावर ताण्यातून इकडून तिकडे सरकणारा धोटा म्हणजेच शटल. धोट्याने थांबायचे नसते. एका काठाला पोहोचला की लगेच उलट फिरायचे असते. विमानालाही तसेच चालवावे, ही कल्पना ब्राझीलमध्ये रिओ आणि साओ पाउलो या शहरांदरम्यान १९५९ मध्ये प्रत्यक्षात आली. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपापल्या फेऱ्या एकत्र गुंफल्या आणि प्रवाशाला येईल त्या विमानात बसता येऊ लागले. या सेवेला तेथील लोक ‘हवाई पूल’ म्हणू लागले. १९६१ मध्ये अमेरिकेत ईस्टर्न एअर लाइन्सने न्यूयॉर्क, बोस्टन आणि वॉशिंग्टन या शहरांदरम्यान अशीच सेवा सुरू केली. आरक्षणाची गरज नव्हती आणि आसनाची हमी होती. विमान भरले, तर उरलेल्या प्रवाशांसाठी, मग तो एकटाच का असेना, दुसरे विमान उभे केले जाई. व्यापारी हिशेबात हे उधळेपणाचे वाटते. परंतु प्रवाशाला त्यात विमानापेक्षा निश्चिंतता मिळत होती, आणि तो पैसे मोजत होता तेही तिच्याचसाठी.

या मार्गांची अंतरे लक्षात ठेवावीत. रिओ ते साओ पाउलो हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटरहून थोडे अधिक, न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन त्याहून किंचित कमी. ओझर ते मुंबई हे अंतर मात्र जेमतेम १६० किलोमीटर भरते.

ओझरची धावपट्टी प्रवाशांसाठी बांधलेलीच नव्हती. तिचा इतिहास विमाने बनविण्याचा आहे, आणि त्याचा उगम शोधू गेल्यास तो सोलापूरच्या एका जैन घराण्यापर्यंत पोहोचतो. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, रावळगाव येथे, साखर कारखाना उभारला. रावळगावच्या गोळ्यांमुळे ते नाव पुढे घरोघरी पोहोचले. हेच वालचंदशेठ १९३९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या विमानाने प्रवास करीत असताना त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी पडली. पॉली यांचा चीनमध्ये विमानांचा कारखाना होता. सहप्रवाशांच्या त्या बोलण्यातून भारतात विमाने बनविण्याचा विचार पक्का झाला आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरूमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. युद्धकाळात, १९४२ मध्ये, सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेतला. पुढे मिग विमानांच्या निर्मितीसाठी स्थापन झालेली सरकारी कंपनी आणि ही जुनी कंपनी १९६४ मध्ये एकत्र आल्या. तीच आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजे नाशिककरांच्या तोंडी ‘एचएएल’. त्याच सुमारास ओझरला मिग-२१ चा कारखाना आला. नंतर मिग-२७, सुखोई-३० आणि अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२५ मध्ये, ‘तेजस’ची नवी आवृत्तीही येथून आकाशात झेपावली.

लढाऊ विमानांच्या चाचण्यांसाठी तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी तयार होती. मोठी प्रवासी विमानेही तेथे सहज उतरू शकतात. तरीही सुसज्ज प्रवासी इमारत उभी राहायला २०१४ साल उजाडले. त्यावर सुमारे ८४ कोटी रुपये खर्च झाले. इमारत झाली, पण विमान येईना. विमान कंपन्यांच्या दृष्टीने नाशिकचा प्रवासी हा मुंबई विमानतळाचाच प्रवासी होता. तो मोटारीने चार तास घालवून मुंबईला येणारच, तर त्याच्यासाठी ओझरला विमान कशाला पाठवावे, असा हा हिशेब होता. मुंबईचे जवळपण नाशिकला असे महागात पडले.

ही कोंडी फोडली ती ‘उडान’ योजनेने. २०१७ मध्ये या योजनेची विमाने उडू लागली. लहान शहरांना जोडणाऱ्या मार्गांसाठी कंपन्यांनी बोली लावायची, विमानातील साधारण निम्मी आसने ठरवून दिलेल्या कमाल भाड्यात विकायची आणि त्यातून येणारी तूट सरकारने तीन वर्षे भरून द्यायची, अशी तिची रचना होती. तासाभराच्या उड्डाणासाठी सुमारे २,५०० रुपये ही कमाल मर्यादा तेव्हा सर्वतोमुखी झाली होती. तूट भरण्यासाठी लागणारा पैसा मुख्यतः मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकारलेल्या शुल्कातून उभा राहतो. दिल्ली-मुंबईच्या प्रवाशाने नाशिक-जळगावच्या प्रवाशाचा भार थोडासा उचलावा, असाच याचा अर्थ. कल्पना न्याय्य होती.

डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने नाशिक हे मुंबई आणि पुण्याशी जोडले. कॅप्टन गोपीनाथ यांनी याच नावाची कंपनी २००३ मध्ये काढून सामान्य माणसाला स्वस्त विमानप्रवास घडविला होता, त्यामुळे या नावाभोवती आशा होती. विमान बीचक्राफ्ट जातीचे, दोन पंख्यांचे, जेमतेम अठरा आसनांचे. नाशिकमध्ये कौतुक झाले. परंतु फेऱ्यांची नियमितता राहिली नाही. आज विमान आहे की नाही, याची खात्री नसेल, तर ज्याला दुपारी दोनला मुंबईत करारावर सही करायची आहे, तो पंचवटीचेच तिकीट काढतो. धोटा अडखळू लागला, की वीण सैल पडते. पुढे २०२० च्या एप्रिलमध्ये महासाथीच्या टाळेबंदीत कंपनीने आपले कामकाजच थांबविले.

मात्र एखाद्या कंपनीच्या अडचणींवर सारे ढकलणे योग्य होणार नाही. नाशिक-मुंबई मार्गाचे गणितच मुळात अवघड आहे. ते घड्याळ लावून पाहावे. नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकापासून ओझर वीस-बावीस किलोमीटर, म्हणजे घरातून निघून पोहोचेपर्यंत पाऊण तास. सुरक्षा तपासणीसाठी तासभर आधी हजेरी. आकाशात चाळीस-पंचेचाळीस मिनिटे. मुंबईत उतरल्यावर विमानतळाबाहेर पडून दक्षिण मुंबई गाठायला गर्दीच्या वेळी तास-सव्वा तास सहज लागतो. बेरीज पावणेचार तासांच्या घरात जाते, आणि पंचवटीलाही तेवढाच वेळ लागतो. फरक इतकाच, की रेल्वेचा प्रवासी थेट व्यापारपेठेच्या दाराशी उतरतो आणि वाटेत त्याची एक झोपही झालेली असते. ज्याला मुंबईहून पुढे दुबईचे किंवा लंडनचे विमान गाठायचे आहे, त्याला मात्र या छोट्या विमानाचा खरा लाभ होता. पण अशा प्रवाशांची रोजची संख्या किती असणार?

विमानाच्या बाजूने पाहिले, तरी हिशेब प्रतिकूलच दिसतो. विमान सर्वाधिक इंधन जाळते ते उड्डाण करताना आणि उंची गाठताना. लांबच्या प्रवासात तो खर्च शेकडो किलोमीटरवर विभागला जातो. ओझर-मुंबईत मात्र विमान उंची गाठते न गाठते तोच उतरण्याची तयारी सुरू होते. चाके, ब्रेक आणि विमानाचा सांगाडा यांची झीज बहुतांशी उड्डाणांच्या व उतरण्याच्या संख्येवर मोजली जाते, अंतरावर नव्हे. उतरण्याचे शुल्क, वैमानिकांचा वेळ, जमिनीवरील सेवकवर्ग हा खर्च १६० किलोमीटरला लागतो, तसाच ५०० लाही लागतो. भाडे मात्र अंतर पाहूनच आकारावे, अशी प्रवाशाची अपेक्षा असते. नाशिक-मुंबईला विमानाने जायचे आणि तिकीट नागपूरएवढे द्यायचे, हे व्यापारी मनाला पटणे कठीण.

सर्वांत मोठा अडसर मुंबईच्या धावपट्टीचा. सांताक्रूझच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. ताशी सुमारे ४६ उड्डाणे-अवतरणे ही तिची कमाल क्षमता मानली जाते. यातील प्रत्येक वेळेला ‘स्लॉट’ म्हणतात आणि त्यासाठी कंपन्यांमध्ये चढाओढ असते. अठरा प्रवाशांच्या विमानाला उतरायला जेवढा स्लॉट लागतो, तेवढ्यातच एकशे ऐंशी प्रवाशांचे विमानही उतरते. किंबहुना मोठ्या विमानामागे हवेत भोवरे राहतात, म्हणून लहान विमानाला त्याच्यापासून अधिक अंतर राखावे लागते. मुंबईच्या दृष्टीने नाशिकचे छोटे विमान म्हणजे गर्दीच्या पेढीवर चार आण्यांचा सौदा करायला आलेले गिऱ्हाईक. त्याला सोयीची वेळ मिळणे दुरापास्त होते. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, हा तर शटलचा प्राण. नेमक्या त्याच वेळा सर्वांत महाग. नवी मुंबईच्या विमानतळाचे ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झाल्याने ही टंचाई काहीशी सैल होण्याची आशा आहे. नाशिककराच्या दृष्टीने मात्र तो विमानतळ दक्षिण मुंबईपासून लांबच पडतो.

मुंबईला टाळून पुढे जाणाऱ्या विमानांची हकिकत वेगळी आहे. जून २०१८ मध्ये जेट एअरवेजने नाशिक-दिल्ली सेवा सुरू केली आणि प्रवाशांनी तिला चांगला प्रतिसाद दिला. ती बंद पडली ते एप्रिल २०१९ मध्ये जेट कंपनीच बसल्यामुळे. मधल्या काळात अलायन्स एअर, ट्रूजेट, स्टार एअर अशा कंपन्या हैदराबाद, अहमदाबाद, बेळगाव या मार्गांवर येऊन गेल्या. मार्च २०२३ मध्ये इंडिगोने गोवा, अहमदाबाद आणि नागपूर या शहरांसाठी ७८ आसनांची एटीआर विमाने आणली, आणि पुढे हैदराबाद, इंदूर, दिल्ली, बंगळुरू ही नावे त्यांत जोडली गेली.

यांपैकी अहमदाबाद विशेष लक्ष देण्यासारखे आहे. ओझर ते अहमदाबाद हवाई अंतर साधारण ३५० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ रिओ-साओ पाउलो किंवा न्यूयॉर्क-वॉशिंग्टन एवढेच. जमिनीवरून मात्र सापुताऱ्याचा घाट उतरून, सुरत-बडोदा ओलांडून रात्रभराचा बसप्रवास, नाहीतर मुंबईजवळ गाडी बदलून दूरचा वळसा. तेच अंतर विमान सव्वा-दीड तासात कापते. नाशिकच्या कापडपेठेचे, औषधविक्रेत्यांचे आणि कित्येक घरांचे गुजरातशी जुने लागेबांधे आहेत. लग्न ठरविणे, आजारी नातलगाला भेटणे, मालाची पारख करणे यासाठी पूर्वी दोन रात्री जात. आता वयोवृद्ध आजीही नातवाच्या वाङ्निश्चयाला जाऊ शकते. जगातील यशस्वी शटल ज्या अंतरावर फुलले, ते अंतर नाशिकला मुंबईच्या दिशेने नव्हे, गुजरातच्या दिशेने सापडते.

जमिनीवरचा वेग वाढला की आकाशातील धोट्यालाही माघार घ्यावी लागते, हे स्पेनने दाखवून दिले. माद्रिद-बार्सिलोना हा युरोपातील गजबजलेला हवाई पूल होता. २००८ मध्ये अतिवेगवान रेल्वे तेथे पोहोचली आणि अल्पावधीत निम्म्याहून अधिक प्रवासी रुळांकडे वळले. नाशिक-मुंबई मार्गाचेही काहीसे असेच चालले आहे. २०२३ पासून वंदे भारत गाड्या नाशिक रोडला थांबू लागल्या. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला. त्यातील इगतपुरीजवळचा पावणेआठ किलोमीटरचा बोगदा कसारा घाटाची वळणे टाळून मोटारीला थेट डोंगराच्या पोटातून नेतो. आमण्यापुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच, पण घाटाचे भय आता उरलेले नाही.

खरा प्रश्न उरतो तो पुण्याचा. नाशिक-पुणे हवाई अंतरही १७० किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे विमानाच्या खर्चाचे गणित येथेही मुंबईइतकेच बिकट. परंतु जमिनीवर येथे पंचवटी नाही. दोन शहरांना जोडणारा थेट लोहमार्गच नाही. २३५ किलोमीटरच्या नियोजित वेगवान रेल्वेची वाट नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने अडविली. तेथील संवेदनशील यंत्रणेला रेल्वेच्या विद्युत लहरींचा उपद्रव होऊ नये, म्हणून मार्ग शिर्डीकडून वळविण्याचा विचार पुढे आला. पुण्याचा लोहगाव विमानतळही हवाई दलाचा असल्याने तेथेही प्रवासी विमानांना हव्या त्या वेळा मिळत नाहीत. दोन्ही शहरांत मिळून हजारो विद्यार्थी, अभियंते आणि कारखानदार दर आठवड्याला हा प्रवास करतात. ते पहाटेची शिवाई बस पकडतात, संगमनेरला उजाडते, नारायणगावला चहा होतो आणि चाकणच्या रांगेत गाडी उभी राहिली, की घड्याळाकडे पाहण्यावाचून दुसरे काही हाती राहत नाही.