जुन्या लॅपटॉपची सनद

दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या आपल्या दहा वर्षे चाललेल्या प्रणालीची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबवली, आणि ज्यांच्या घरात वा कचेरीत त्या प्रणालीवर चालणारा एखादा वयस्क लॅपटॉप आहे अशा असंख्य लोकांच्या कानी चहूबाजूंनी एकच सल्ला येऊ लागला की, आता नवा घ्या. वर्षभराच्या वाढीव मुदतीची सोय कंपनीने केली आहे आणि ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पुरेल, टीपीएम २.० आणि इंटेलची आठवी पिढी या विंडोज ११ च्या अटींचीही चर्चा पुरेशी झाली आहे, तेव्हा तिची पुनरुक्ती येथे करीत नाही. ज्या यंत्राचा एकही अवयव निकामी झालेला नाही त्यास सेवेतून मुक्त करण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो अधिकार यंत्राच्या नेमक्या कोणत्या भागात वसतो, एवढाच प्रश्न मी येथे घेतो. कारण जुना लॅपटॉप सुधारावयास बसलेल्या मनुष्याला त्याचे उत्तर आपल्या बोटांनीच सापडत जाते.

उदाहरण म्हणून २०११ सालचा थिंकपॅड एक्स२२० घेऊ. साडेबारा इंची पडदा, दीड किलोच्या आसपास वजन आणि सात ओळींचा तो जुन्या घडणीचा कळफलक, ज्याच्यासारखा लिहिण्यास सुखद कळफलक त्यानंतरच्या लहान लॅपटॉपांत मला आढळला नाही. १९९२ साली आयबीएमने थिंकपॅड प्रथम बाजारात आणला तेव्हा जर्मन अभिकल्पक रिचर्ड सॅपर यांनी जपानी शिदोरीचा काळा डबा, ज्याला तिकडे बेन्टो म्हणतात, डोळ्यांपुढे ठेवून त्याची आकृती बांधली होती. २००५ साली हा सगळा व्यवसाय लेनोव्होकडे गेला, तरी बाहेरून साधा आणि आत नीट कप्पे पाडलेला असा तो डबा पुढे कित्येक वर्षे टिकला. या यंत्राची देखभाल-पुस्तिका, कोणता स्क्रू कोठे आणि तो कोणत्या क्रमाने काढावा इतक्या तपशिलासह, खुद्द उत्पादकानेच सर्वांसाठी प्रसिद्ध केली आहे. पुढील विवेचनात हे लक्षात ठेवावे, कारण यंत्राचे सारे स्क्रू मालकाच्या स्वाधीन करणाऱ्या याच उत्पादकाने एक दार मात्र आतून बंद ठेवले आहे.

अवयव बदलण्याचे काम अवघड नाही. बाजूच्या झाकणाचा एकच स्क्रू सोडवला की मूळची फिरती हार्डडिस्क ओढून काढता येते आणि त्या जागी ७ मिलिमीटर जाडीची अडीच इंची एसएसडी सहज बसते. या एका बदलाने यंत्राला जो तरतरीतपणा येतो तो इतर कोणत्याही बदलाने येत नाही, आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे: मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती नोंद वाचकाखाली येण्यासाठी सरासरी साडेपाच मिलिसेकंद नुसती वाट पाहावी लागते, वाचकदंडाच्या हालचालीचा वेळ निराळाच, अवाढव्य दप्तरखान्यात एका चिठ्ठीसाठी प्रत्येक वेळी कपाटापासून कपाटापर्यंत चालत जाणाऱ्या कारकुनासारखी तिची गत असते, तर एसएसडीला त्याच कामी मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. रॅमची गोष्टही अशीच लाभाची आहे. कंपनीच्या कागदांत कमाल ८ जीबी लिहिली असली, तरी आतील आय५-२५२०एम प्रोसेसरला इंटेलच्याच तक्त्यानुसार १६ जीबी पेलते, आणि ८ जीबीच्या दोन डीडीआर३ पट्ट्या ते यंत्र निमूटपणे स्वीकारते. पट्ट्या दोन घालाव्यात, एक नव्हे, कारण चित्र उमटवणारा भाग स्वतंत्र स्मृतीविना याच रॅमवर जगतो आणि दोन मार्ग मिळाले की त्याची चाल उघडच सुधारते. पंख्यातील धूळ झाडून वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे हे काम याच बैठकीत उरकून घ्यावे. प्रोसेसर मात्र मदरबोर्डाला कायमचा डकवलेला आहे. तो बदलण्याच्या नादी लागू नये.

खरी अडचण ड्रायव्हरपाशी, म्हणजे अवयव आणि प्रणाली यांना जोडणाऱ्या आज्ञावलीपाशी, सुरू होते. एक्स२२० मधील इंटेल एचडी ग्राफिक्स ३००० या चित्रखंडासाठी इंटेलने विंडोज ७ आणि ८ च्या काळापर्यंत ड्रायव्हर काढले. विंडोज १० आले तेव्हा ही पिढी आपल्या यादीत नाही असे कंपनीने कळवले, आणि विंडोज अपडेटमार्फत मिळत राहिलेल्या त्या जुन्याच ड्रायव्हरवर ही यंत्रे पुढे चालत राहिली. मधल्या काळात डिव्हाइस मॅनेजरमधील पिवळे उद्गारचिन्ह पाहून घाबरलेल्या कित्येकांनी ‘सर्व ड्रायव्हर एका टिचकीत’ असे आश्वासन देणारी फुकट सॉफ्टवेअरे उतरवून घेतली आणि ड्रायव्हरऐवजी जाहिराती, प्रसंगी त्याहूनही वाईट काही, घरात आणून ठेवले. खरा मार्ग इतका बिकट नाही: त्या उद्गारचिन्हाच्या गुणधर्मांत हार्डवेअरचा ओळख-क्रमांक लिहिलेला असतो, त्यातील पहिला भाग निर्मात्याचा असतो (इंटेलचा ८०८६, त्याच नावाच्या त्याच्या प्रख्यात प्रोसेसरवरून), आणि तो क्रमांक हाती धरून उत्पादकाच्या स्वतःच्या संग्रहात शोध घेतला की नेमका ड्रायव्हर सापडतो. अर्थात उत्पादकाने तो लिहिला असेल तरच.

आणि येथेच दुसऱ्या परंपरेचे कार्य मला मनापासून गौरवावेसे वाटते. लिनक्सवर याच एचडी ३००० चा ड्रायव्हर मेसा या मुक्त प्रकल्पात आहे. इंटेलच्या विंडोज ड्रायव्हरची मजल ओपनजीएल या चित्र-मानकाच्या ३.१ या आवृत्तीपाशी संपते, तर मेसाने त्याच चकतीकडून (चिपकडून) ओपनजीएल ३.३ चे काम करून घेतले. म्हणजे जी योग्यता त्या सिलिकॉनमध्ये पहिल्या दिवसापासून होती ती उत्पादकाच्या ड्रायव्हरने विंडोजवर कधी पुरी प्रकटच केली नव्हती. त्याहून विलक्षण गोष्ट पुढे घडली. मेसातील जुनी रचना निकालात काढण्याची वेळ आली तेव्हा या वृद्ध चकत्या निराधार होऊ नयेत म्हणून रेड हॅट या कंपनीतील डेव्ह एअरली यांनी पुढाकार घेऊन क्रोकस नावाचा संपूर्ण नवा ड्रायव्हर लिहिला आणि तो २०२१ साली मेसात रुजू झाला. दहा वर्षे आणि त्याहून जुन्या चित्रखंडांसाठी नवा ड्रायव्हर लिहिण्यात कोणत्याही विक्री-विभागाला रस असण्याचे कारण नाही. तरीही तो लिहिला गेला, कारण मूळ आज्ञावली सर्वांसमोर उघडी होती आणि ती पुढे चालवण्यासाठी कोणाची मंजुरी लागत नव्हती.

आता त्या बंद दाराकडे वळू. या लॅपटॉपची वाय-फाय पट्टी जुन्या प्रमाणाची आहे, आणि तिच्या जागी इंटेलची ७२६० ही नंतरची, अर्ध्या आकाराची मिनी पीसीआय-एक्सप्रेस पट्टी बसवावी असे कोणाही समंजस मालकाला वाटेल. पट्टी खाचेत बसते, तारा जुळतात, वीज चढते आणि पडद्यावर १८०२ हा क्रमांक उमटून अनधिकृत नेटवर्क-पट्टी काढून टाकण्याचा हुकूम होतो. बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांआधी चालणाऱ्या आज्ञावलीत, मंजूर पट्ट्यांची एक यादी कोरलेली आहे. यादीबाहेरची पट्टी दिसली की यंत्र पुढे पाऊलच टाकीत नाही. याचे समर्थन असे केले जाते की, रेडिओ-लहरी सोडणारे उपकरण आणि त्याचा अँटेना यांची नियामकाकडे एकत्र मान्यता घेतलेली असते. हा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नाही. पण विक्रीनंतर दहा-बारा वर्षांनी, ज्या यादीत भर घालण्यास आता कोणी उरलेले नाही अशा यादीच्या बळावर मालकाला त्याच्याच यंत्राच्या दाराशी अडवणे, हे त्या युक्तिवादात कोणत्याही रीतीने बसत नाही.

ही यादी ज्या आज्ञावलीत वसते तिच्याविरुद्ध आरंभीचे सुसंघटित पाऊल उचलणारा मनुष्य म्हणजे रोनाल्ड मिनिक, आणि या गृहस्थांविषयी आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले आहे. १९९९ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत, शेकडो संगणक एकत्र जोडून त्यांच्याकडून एकच महागणन करून घेण्याचे काम चालले असता त्यांच्या ध्यानी आले की, प्रत्येक संगणकाच्या मुळाशी बसलेले बायोस हे पडद्यासमोर एक मनुष्य कळफलक घेऊन बसला आहे अशा गृहीतावर लिहिलेले आहे. बिघाड झाला की ते कळ दाबली जाण्याची वाट पाहत थांबते, आणि त्या प्रचंड दालनात कळ दाबावयास कोणीच नसते. मिनिक यांनी बायोस दुरुस्त करण्याची विनंती कोणाला केली नाही. त्यांनी ते काढूनच टाकले आणि बायोसच्या त्या चिमुकल्या चकतीत लिनक्स बसवण्याचा प्रकल्प आरंभिला. लिनक्सबायोस हे त्याचे पहिले नाव; २००८ पासून तो कोअरबूट म्हणून ओळखला जातो. पुढे मिनिक गूगलमध्ये गेले, क्रोमबुकांच्या मुळाशी कोअरबूट आले, आणि २०१७ साली प्राग येथील परिषदेत त्यांनी, आपण जिला संगणकाची प्रणाली समजतो तिच्याही खाली आणखी आज्ञावली चालत असतात आणि त्यांवर मालकाचा काडीइतका अंमल नसतो, हे सर्वांसमोर उलगडून मांडले.

त्याच कोअरबूटमध्ये एक्स२२० ला स्थान आहे. रॅम जागी करण्याचा जो विधी इंटेलने गुपित ठेवला होता तो अभ्यासकांनी यंत्राचे वर्तन निरखून नव्याने लिहून काढला, आणि आज मनगट-पट्टीखालील आठ पायांच्या चकतीला चिमटा लावून, स्वस्त प्रोग्रामरच्या साहाय्याने, कोणीही सावध मनुष्य मूळ बायोसची प्रत काढून घेऊन त्या जागी कोअरबूट लिहू शकतो. मग यादी उरत नाही आणि १८०२ ही नाही. मूळ प्रत किमान दोनदा वाचून दोन्ही जुळतात याची खातरजमा केल्यावाचून मात्र काहीही लिहू नये, आणि हात स्थिर नसेल तर हे काम जाणत्याकडेच सोपवावे.

आपल्या केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले, आणि मे २०२५ मध्ये मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्ती-निर्देशांकाविषयीचा समितीचा अहवाल त्या खात्याकडे आला. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण सुटा भाग आणि पुस्तिका मिळाली म्हणजे दुरुस्तीचा हक्क मिळाला, असे एक्स२२० चा अनुभव घेतलेला मनुष्य म्हणू शकत नाही. उत्पादकाने आधार काढून घेतला त्या दिवशी त्याने बायोसमधील अशा याद्या रद्द कराव्यात आणि ड्रायव्हर लिहिण्यास लागणारे दस्तऐवज खुले करावेत, अशी सक्ती कायद्यात हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या पाहणीत म्हटले आहे; त्या ढिगात चालू अवस्थेतील यंत्रांची भर घालणारी धोरणे तांत्रिक अपरिहार्यता म्हणून मुकाट्याने मान्य करता येत नाहीत.

या यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. यूट्यूब आज ज्या व्हीपी९ आणि एव्ही१ या पद्धतींनी चित्रफिती पाठवते त्या उलगडण्याची सोय एचडी ३००० मध्ये नाही, सारा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा गरजू लागतो, ब्राउझरला एच.२६४ मागावयास लावणारे छोटे विस्तारक बसवले की तो निवळतो. बॅटरी हा सर्वांत दुबळा दुवा आहे. मूळच्या ६३ वॅट-तासांच्या बॅटरीतील घट (सेल) आता वयाने शिथिल झाले आहेत, आणि बाजारात त्याच नावाने मिळणाऱ्या नकली बॅटऱ्यांवर लिहिलेल्या आकड्यांवर विसंबू नये. फुगलेली बॅटरी तर क्षणभरही वापरू नये.

असा लॅपटॉप नव्याने घ्यावयाचा असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात सेकंडहँड संगणकांच्या दुकानांत कंपन्यांच्या भाडेकरारातून सुटलेला माल येत असतो. तेथे पडदा, बिजागऱ्या आणि कळफलक तपासणे प्रत्येकाला सुचते. त्याआधी एक काम करावे. लॅपटॉप सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये जावे. पूर्वीच्या कंपनीच्या संगणक-विभागाने सुपरवायझर पासवर्ड घातला असेल तर तो तेथेच मागितला जातो. तो चकतीत नोंदलेला असल्यामुळे डिस्क बदलून किंवा फॉरमॅट मारून जात नाही, आणि दुकानदाराजवळही बहुधा नसतो. पासवर्ड मागणारे यंत्र कितीही स्वस्तात मिळत असले तरी गल्ल्यावरच परत ठेवावे आणि दुसरे दाखवावयास सांगावे.