विश्लेषण : वैद्यकीय लेखकांच्या संघटनेची शाखा वाशीमसारख्या जिल्ह्यात का हवी? ती चालते कशी?

वाशीमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील अन्य नऊ महाविद्यालयांबरोबर सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालय आले, की शोधनिबंध, संमतीपत्रे, रुग्णांसाठीची माहितीपत्रके असे नवे लिखाणही येते. हे लिखाण बिनचूक आणि समजेल असे व्हावे, यासाठी जगात वैद्यकीय लेखकांच्या व्यावसायिक संघटना आहेत. त्यांचे काम मात्र बहुतेक मोठ्या शहरांभोवती चालते. अशी शाखा जिल्ह्याच्या पातळीवर उभी करायची झाल्यास काय लागेल आणि तिने नेमके काय करावे, याचा आढावा.

वैद्यकीय लेखक म्हणजे कोण?

वैद्यकीय लेखक डॉक्टरच असतो असे नाही. औषधनिर्माणशास्त्र, जीवशास्त्र, परिचर्या किंवा भाषेचे शिक्षण घेतलेली व्यक्तीही हे काम करते. औषधाच्या चाचणीचा आराखडा आणि अहवाल, नियामकाकडे जाणारी कागदपत्रे, नियतकालिकातील शोधनिबंध, औषधासोबतचे माहितीपत्रक, दवाखान्यातील भित्तिपत्रक हे सारे त्याच्या कामात येते. या कामासाठी डॉक्टरांसारखा परवाना लागत नाही. म्हणूनच प्रशिक्षण, आचारसंहिता आणि एकमेकांचे लिखाण तपासण्याची सवय ही जबाबदारी संघटनेवर येते.

अशा संघटना कशा उभ्या राहिल्या?

अमेरिकेतील संघटनेची सुरुवात १९४० मध्ये इलिनॉय राज्यातील मोजक्या डॉक्टरांनी केली. तेव्हा तिचे नाव ‘मिसिसिपी व्हॅली मेडिकल एडिटर्स असोसिएशन’ होते. म्हणजे आजची ‘अमेरिकन मेडिकल रायटर्स असोसिएशन’ मुळात एका नदीखोऱ्यापुरती प्रादेशिक संस्था होती. युरोपातील वैद्यकीय लेखक संघटना सुरुवातीला या अमेरिकी संघटनेची शाखा होती, नंतर ती स्वतंत्र झाली.

आपल्याकडे शाखांची परंपरा जुनी आहे. १९२३ मध्ये अमरावतीत स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ आज नागपुरातून काम करतो आणि विदर्भातील गावोगावच्या शाखांवर उभा आहे. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषदही ठिकठिकाणच्या विभागांमार्फत काम करते. नाव आणि घटना मध्यवर्ती संस्थेची, कार्यक्रम आणि माणसे स्थानिक, हा नमुना वैद्यकीय लेखकांनाही वापरता येईल.

मग वाशीमच का?

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १२ लाख होती आणि त्यातील मोठा हिस्सा खेड्यांत राहतो. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) यांच्याबरोबर वाशीमही आहे. या कार्यक्रमात आरोग्याच्या निर्देशांकांवर भर असतो, म्हणजे जनजागृतीचे साहित्यही भरपूर वाटले जाते. वाटलेला कागद घरात वाचला आणि समजला गेला का, हे मात्र क्वचितच पाहिले जाते.

भाषेचा प्रश्नही इथे दुहेरी आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. जिल्ह्यातील अनेक तांड्यांवर घरात गोरमाटी बोलली जाते. तिथे शुद्ध मराठीतले पत्रकही दुसऱ्या भाषेतले ठरते. मुंबई-पुण्यात लिहिलेला मजकूर इथे जसाच्या तसा चालेल हे गृहीत धरता येत नाही.

एका शब्दाने काय बिघडते?

सिकलसेलचे उदाहरण घेऊ. विदर्भात हा आजार नवा नाही, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ज्याच्याकडे या आजाराचे एकच जनुक आहे त्याला मराठी पत्रकात ‘वाहक’ म्हणतात. परिभाषेच्या दृष्टीने शब्द योग्य आहे. पण एसटीने फिरणाऱ्या माणसासाठी वाहक म्हणजे कंडक्टर. शिवाय वाहक आणि रुग्ण यांतला फरक पत्रकात स्पष्ट केला नाही, तर निरोगी मुलीवर ‘आजारी’ असा शिक्का बसतो आणि लग्नाची बोलणी फिसकटतात.

पुढचे वाक्य त्याहून जोखमीचे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही नसण्याची २५ टक्के असते. हे ‘चार मुलांपैकी एकाला आजार होतो’ असे लिहिले, की पहिले मूल आजारी असलेल्या जोडप्याला वाटते, पुढच्या तिघांना धोका नाही. खरे तर दर खेपेला शक्यता तेवढीच असते. वाक्य चुकले की एका कुटुंबाचा निर्णय चुकतो.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कीटकनाशकाच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती. पण डब्यावरचा लाल त्रिकोण सर्वाधिक विषारी आणि हिरवा सर्वांत कमी, त्यांच्यामध्ये पिवळा आणि निळा, हे फवारणी करणाऱ्याला समजेल असे सांगणे हेही आरोग्यलेखनच आहे. कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यातील शाखेला हा विषय टाळता येणार नाही.

शाखेने पहिले काम कोणते हाती घ्यावे?

संमतीपत्र. नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचणी नियम, २०१९ नुसार चाचणीत सहभागी होणाऱ्याला माहिती तांत्रिक नसलेल्या, समजेल अशा भाषेत द्यावी लागते. सहभागी निरक्षर असेल तर निःपक्षपाती साक्षीदार लागतो. नैतिकता समितीत किमान सात सदस्य आणि त्यांत एक सर्वसामान्य नागरिक असावा लागतो.

प्रत्यक्षात इंग्रजी संमतीपत्राचे मराठी भाषांतर होते आणि दुसरा भाषांतरकार ते पुन्हा इंग्रजीत आणतो. दोन्ही इंग्रजी मजकूर जुळले की काम संपले असे मानले जाते. ही पद्धत अर्थ जुळतो का ते पाहते, वाचणाऱ्याला कळते का ते पाहत नाही. ‘सहभागींची यादृच्छिक विभागणी केली जाईल’ हे वाक्य या परीक्षेत उत्तीर्ण होईल. ‘तुम्ही कोणत्या गटात जाल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, चिठ्ठ्या टाकून ठरवावे तसे ते ठरेल’ हे वाक्य माणसाला कळेल. ‘प्लासिबो’ऐवजी ‘औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी’ असे लिहिले तर प्रश्न विचारायला जागा राहते.

म्हणून शाखेची मासिक बैठक म्हणजे भाषण नव्हे, कागद वाचण्याची बैठक हवी. महिन्याला एकच कागद घ्यावा. तो आशा कार्यकर्ती, औषध दुकानदार, मराठीचे शिक्षक आणि गोरमाटी बोलणारी एखादी व्यक्ती यांना वाचायला द्यावा. ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण उत्तर ‘हो’ असेच येते. ‘यात काय सांगितले आहे ते तुमच्या शब्दांत सांगा,’ असे म्हणावे. जिथे अडखळतील तिथे खूण करावी. शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी ठेवावेत. मात्र कोशातील शब्द विद्यार्थ्यासाठी आणि बोलीतला शब्द रुग्णासाठी, हा भेद पाळावा. ‘उपाशीपोटी’पेक्षा ‘अनशापोटी’ लवकर कळत असेल तर तोच छापावा.

नोंदणी, कारभार आणि हिशेब कसा असतो?

शाखा दोन प्रकारे चालवता येते. मध्यवर्ती संस्थेच्या घटनेत तरतूद असेल तर तिच्याच नोंदणीखाली, तिने मंजूर केलेल्या समितीमार्फत. तेव्हा शाखेचा हिशेब मुख्य संस्थेच्या ताळेबंदात जातो. दुसरा मार्ग स्वतंत्र नोंदणीचा. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली त्यासाठी किमान सात सदस्य लागतात आणि महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. त्यानंतर कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज, ३१ मार्चअखेर हिशेब आणि लेखापरीक्षण हे ओघाने आले. अनेक लहान संस्था कामाअभावी नव्हे, तर न दिलेल्या बदल अर्जांमुळे अडकतात. निवडून आलेली समिती आणि कागदावरची समिती वेगळी राहते, मग बँक खात्यावर सह्या कोणाच्या यावरून वाद होतो. पहिली दोन-तीन वर्षे मुख्य संस्थेच्या छत्राखाली काढणे म्हणूनच सोयीचे.

पदाधिकारी तीनच पुरेत : अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष. सचिवपद दोन वर्षांपेक्षा जास्त काळ एकाकडे ठेवू नये आणि सहसचिव पहिल्या दिवसापासून नेमावा. सदस्ययादी, इतिवृत्त आणि पासवर्ड एकाच व्यक्तीच्या मोबाइलमध्ये असले, की तिची बदली झाली त्या दिवशी शाखा बंद पडते. शासकीय महाविद्यालय आणि आरोग्य केंद्रांतील सदस्यांची बदली कधीही होऊ शकते, हे धरूनच कारभार आखावा लागतो.

पैसा कुठून आणायचा?

समजा २० सदस्यांनी वर्षाला ५०० रुपये दिले, तर १० हजार रुपये जमतात. महाविद्यालयाची किंवा सार्वजनिक वाचनालयाची खोली मिळाली तर १२ बैठकांचा चहा, छपाई आणि एखाद्या पाहुण्याचा प्रवासखर्च त्यात निघतो. अडचण सुरू होते ती प्रायोजकांपासून. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध विपणनाची समान संहिता जाहीर केली. तिने डॉक्टरांना भेटवस्तू देण्यावर आणि प्रवास-मुक्कामाची सोय करण्यावर बंधने घातली. शाखेचा नियम याहून साधा हवा. ज्या कंपनीच्या औषधाबद्दलचा कागद तपासायचा, तिच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, आणि घेतलेला प्रत्येक रुपया कोणाचा हे पत्रकाच्या तळाशी छापायचे.

शोधनिबंधाबाबतही हीच शिस्त लागते. लेखनात मदत करणाऱ्याचे नाव आणि त्याला मोबदला कोणी दिला, हे निबंधात नमूद झाले पाहिजे. नाव लपवून लिहिणे आणि न लिहिता नाव लावणे, दोन्ही गैर. रुग्णाची गोपनीयता लहान जिल्ह्यात अधिक नाजूक असते. ‘मंगरूळपीर तालुक्यातील ४२ वर्षांचे मुख्याध्यापक’ एवढ्यावर मुंबईत कोणी ओळखणार नाही, तालुक्यात सगळे ओळखतील.

यशाचे मोजमाप काय?

सदस्यसंख्या, स्मरणिका आणि वार्षिक मेळाव्याची गर्दी हे मोजायला सोपे असते. वैद्यकीय लेखकांच्या शाखेचे मोजमाप मात्र वर्षभरात तपासलेल्या कागदांवरून व्हावे. १२ बैठकांत १२ कागद वाचून झाले, त्यांतले निम्मे जरी बदलून छापले गेले, तरी ती शाखा चालली असे म्हणता येईल. त्यासाठी कारंजा किंवा रिसोडहून येणाऱ्याला शेवटच्या गाडीने परतता येईल अशा वेळी दोन तासांची बैठक ठेवावी, आणि तिथे तो कागद ज्याच्या हाती पडणार आहे असा एक तरी माणूस हवा.