संप, पायपीट आणि आपली माणसे

शहरातली बस बंद पडली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ठरलेला मथळा येतो : संपामुळे मुंबईकरांचे हाल. पण हा मुंबईकर कोण, हे कोणी विचारीत नाही. ज्याच्या दारात मोटार आहे त्याचे हाल होत नाहीत. ज्याला महिन्याचा बांधलेला पगार आहे त्याला फार तर लेटमार्क लागतो. खरे हाल होतात ते ज्यांची भाकरी रोजच्या हजेरीवर आहे त्यांचे. आणि ही माणसे बहुतांशी आपल्याच वस्त्यांतली असतात.

८ जानेवारी २०१९ रोजी बेस्टचे सुमारे ३० हजार कर्मचारी संपावर गेले. संप नऊ दिवस चालला. त्या दिवसांत गोवंडीच्या बैंगनवाडीतील एक मावशी एका दाव्याच्या कामासाठी माझ्याकडे येत असत. त्या तीन घरी धुणीभांडी करीत. बसचे किमान भाडे तेव्हा ८ रुपये होते. शेअर रिक्षावाले दुप्पट मागू लागले, म्हणून त्या पहाटे निघून घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याने छेडानगरपर्यंत चालत जात. तरी दोन दिवस उशीर झाला आणि एका घरून दोन दिवसांचे पैसे कापले गेले. मी म्हणालो, "मावशी, हे चुकीचे आहे." त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, ते राहू द्या. माझा भाचा कंडक्टर आहे, तो संपात आहे. त्याला शिव्या देऊ, की माझ्या पायांना?"

हा प्रश्न त्या एकट्या मावशींचा नाही, तो चळवळीचा आहे. संप करणारा आपला आणि संपामुळे चालणारीही आपलीच. मग आपण कोणाच्या बाजूने उभे राहायचे?

बाबासाहेबांच्या जीवनात याचे उत्तर आहे. १९२८ च्या गिरणी संपाने कामगार सहा महिने होरपळला होता. १९२९ मध्ये पुन्हा संप पुकारला गेला, तेव्हा बाबासाहेबांनी अस्पृश्य कामगारांना कामावर जाण्याचा सल्ला दिला. ज्या गिरण्यांत जास्त पगाराच्या साचाखात्यात आपल्या माणसाला पाऊल टाकू दिले जात नव्हते, तिथल्या लढ्यात उपासमार मात्र त्याच्या वाट्याला येत होती. तेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाच्या संपाचे नेतृत्व करीत होते. संपाला गुन्हा ठरविणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे, ही त्यांची विधिमंडळातील भूमिका होती. यात विसंगती नाही. संप पवित्र नाही आणि पापही नाही. तो कोणाच्या हक्कासाठी आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो, ही बाबासाहेबांची कसोटी होती.

या कसोटीवर २०१९ चा संप न्याय्य होता. बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करा, २००७ नंतर भरती झालेल्यांना कमी वेतनावर राबवू नका, या त्याच्या प्रमुख मागण्या होत्या. उत्तरादाखल मेस्मा आला, कर्मचारी वसाहतीत घरे खाली करण्याच्या नोटिसा गेल्या. अखेर प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि १६ जानेवारीला संप मिटला.

त्यानंतर काय झाले ते डोळे उघडे ठेवून पाहा. बेस्टच्या स्वतःच्या गाड्या भंगारात जात राहिल्या आणि त्यांच्या जागी कंत्राटदारांच्या गाड्या आल्या. चालकही कंत्राटदाराचाच. बेस्टच्या नोकरीत आरक्षण होते. कंत्राटदाराला संविधानाचे कलम १६(४) लागू होत नाही. ज्या नोकरीने आपल्या वस्तीतल्या हजारो घरांत पहिल्यांदा पगाराची चिठ्ठी आली, ती नोकरी अशी गुपचूप संपवली जात आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये हेच कंत्राटी चालक पगारासाठी संपावर गेले, तेव्हा प्रवासी पुन्हा रस्त्यावर आला. कामगार कमकुवत केल्याने संप थांबत नाहीत, एवढा धडा तरी राज्यकर्त्यांनी घ्यावा.

मग मावशींनी चालतच राहायचे काय? नाही. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात काळ्या जनतेने ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. तो संप नव्हता, पण कामावर जायचे कसे हा प्रश्न तोच होता. तिथल्या मोलकरणीही मैलोन्‌मैल चालल्या. मात्र चळवळीने त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. सुमारे ३०० खासगी मोटारी गोळा केल्या, थांबे ठरवले, चर्चच्या आवारातून फेऱ्या चालवल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपण धम्मदीक्षा घेत होतो, तेव्हाही ती माणसे माघार न घेता चालत होती. त्यांची चिकाटी टिकली ती नुसत्या भाषणांवर नाही, व्यवस्थेवर टिकली.

आपल्याकडे ही ताकद नाही काय? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो बांधवांच्या जेवणापाण्याची सोय आपले कार्यकर्ते दरवर्षी करतात. कायद्यानुसार सार्वजनिक सेवेत संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यावर ही अट सर्वच उद्योगांना आली. या अटीने कामगाराचे हात बांधले आहेत, हे खरे. पण तेच चौदा दिवस वस्तीला तयारीसाठीही मिळतात. विहारात बसून यादी करा : कोण कुठे कामाला जाते, कोणाकडे रिक्षा, टेम्पो, मोटारसायकल आहे. घरकामगार भगिनींचा पगार कापला तर चार जणांनी मिळून मालकिणीशी बोलायला जा, कारण त्या कपातीपासून वाचवणारा कायदा आज त्यांच्या हाती नाही. आणि संपकऱ्यांच्या संघटनांनीही लढ्याची पत्रके आगाराच्या फाटकावर न थांबवता वस्तीत आणावीत.

कंडक्टर भाचा आणि चालणारी मावशी एकमेकांसमोर उभे राहिले की सत्ताधाऱ्यांचे काम सोपे होते. ते दोघे एका विहारात बसले, तर संपही जिंकता येतो आणि कामावरही पोहोचता येते. पुढच्या संपाची नोटीस निघेल तेव्हा आपल्या विहारात ही यादी तयार असेल काय?