तीन वर्षं, चार सरचिटणीस

फेब्रुवारी 1948 च्या अखेरीस कलकत्त्यात भारतीय कम्युनिस्ट पक्षाचं दुसरं अधिवेशन भरलं, तेव्हा पूरणचंद जोशी जवळपास एक तप सरचिटणीस होते. कम्युनिस्टांवरच्या मीरत कटाच्या खटल्यातले सर्वांत तरुण आरोपी ते हेच. मुंबईत खेतवाडीच्या राजभुवनातून त्यांनी पक्ष चालवला. बंगालच्या दुष्काळात त्यांनी चित्तप्रसाद आणि सुनील जाना यांना भूक टिपायला पाठवलं. ‘इप्टा’ ही नाट्यसंस्था त्यांच्याच काळात उभी राहिली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक 1944 चं, म्हणजे त्याच हवेतलं. पक्ष गाणं म्हणू शकतो, चित्र काढू शकतो, हा विश्वास कार्यकर्त्यांना ‘पीसीं’नी, म्हणजे जोशींनी, दिला. माझ्या लेखी ही त्यांची सर्वांत मोठी कमाई.

पण 1942 च्या लढ्यापासून पक्ष दूर राहिला, त्याचा सल कार्यकर्त्यांच्या मनात होता. पुढं नेहरूंच्या सरकारला पाठिंबा देण्याची जोशींची लाइन आली, आणि तेलंगणात तर निजामाविरुद्ध शेतकरी हत्यार घेऊन उभे होते. कलकत्त्यात या सगळ्याचा जाब एकट्या जोशींना विचारला गेला. त्यांच्यावर सुधारणावादी म्हणून शिक्का बसला. त्यांनी आत्मटीका केली, तरी नव्या केंद्रीय समितीतही त्यांना जागा मिळाली नाही. ज्या समितीनं त्यांची लाइन वर्षानुवर्षं मंजूर केली होती, तिच्यातले बहुतेक जण मात्र आपापल्या जागी राहिले. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि पुढच्या सगळ्या पडझडीचं बीज मला इथंच दिसतं.

सरचिटणीस झाले भालचंद्र त्र्यंबक रणदिवे, सगळ्यांचे ‘बीटीआर’. मुंबई विद्यापीठाचे एम. ए., गिरणी आणि रेल्वे कामगारांत वाढलेले, बुद्धीनं तल्लख. स्वातंत्र्य खोटं आहे, क्रांतीची वेळ आली आहे, शहरांतला कामगार उठेल आणि देश त्याच्यामागं येईल, ही त्यांची मांडणी. मार्च सरायच्या आत पश्चिम बंगालमध्ये पक्षावर बंदी आली. नेते भूमिगत झाले, कामगार नेते डांगे तुरुंगात गेले. 9 मार्च 1949 ला देशभर रेल्वे बंद पाडायची हाक दिली गेली. गाड्या धावत राहिल्या. अशा वेळी थांबून विचार व्हायला हवा होता. तसं झालं नाही. ज्यानं शंका काढली तो सुधारणावादी ठरला, आणि जोशींना तर पक्षातूनच काढलं.

आंध्रच्या साथींचं गणित वेगळं होतं. जून 1948 मध्येच त्यांनी चीनच्या वाटेनं, गावं धरून लढायचं म्हणून लिहून दिलं होतं. रणदिव्यांनी त्यांना झोडपलंच, वर माओंवरही टीका केली. 27 जानेवारी 1950 ला बुखारेस्टहून निघणाऱ्या कॉमिनफॉर्म या कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या मुखपत्रानं चिनी वाटेची तरफदारी केली आणि रणदिव्यांच्या पायाखालची जमीन सरकली. भारतातल्या पक्षाचा नेता कोण, याचा कौल परदेशातल्या एका अग्रलेखानं दिला, हे आजही मनाला लागतं. पुढच्याच महिन्यात, 11 फेब्रुवारीला, सेलमच्या तुरुंगात गोळीबार होऊन 22 कम्युनिस्ट कैदी मेले. वर लाइनचा वाद चालू होता, खाली माणसं जिवानिशी जात होती.

1950 च्या मध्यावर आंध्रचे सी. राजेश्वर राव सरचिटणीस झाले आणि सशस्त्र लढ्याची भाषा आता साऱ्या देशासाठी आली. तुरुंगातून सुटलेले डांगे, अजय घोष आणि घाटे यांनी सप्टेंबरात ‘पी’नं सुरू होणाऱ्या टोपणनावांनी एक दस्तऐवज लिहिला. पक्षात तो ‘तीन पीं’चं पत्र म्हणून ओळखला जातो. देशातली खरी परिस्थिती बघा, असं त्यांचं कळकळीचं म्हणणं होतं. तोवर 1948 च्या सुमारे 89,000 सभासदांपैकी जेमतेम 20,000 उरले होते. गिरणगावातल्या चाळींतून, कोकणातून, तेलंगणातून आलेली माणसं गळून गेली होती. त्यातली कितीतरी कुठल्याही गटाची नव्हती. नुसती थकून घरी गेली.

तोडगा शेवटी मॉस्कोत निघाला. 1951 च्या सुरुवातीला घोष, डांगे, राजेश्वर राव आणि बसवपुन्नय्या गुपचूप तिकडं गेले आणि स्टालिनला भेटले. परतल्यावर भगतसिंगांचे एकेकाळचे सहकारी अजय घोष सरचिटणीस झाले. ऑक्टोबरात तेलंगणाचा लढा मागं घेतला गेला. लगेच आलेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाचे 16 खासदार निवडून आले आणि लोकसभेत तो काँग्रेसखालोखालचा गट ठरला. लोक पक्षाला विसरले नव्हते.

घोष 1962 च्या जानेवारीत गेले. सरचिटणीस कोण, हा पेच पुन्हा आला. डांग्यांसाठी अध्यक्षपद नव्यानं तयार करून आणि नंबूद्रिपादांना सरचिटणीस करून तो कसाबसा सुटला, पण दोनच वर्षांत पक्ष दुभंगला. डांगे एका पक्षात राहिले, रणदिवे दुसऱ्यात गेले.

जोशींना 1951 मध्ये परत घेतलं, पण वरची जागा त्यांना पुन्हा कधी मिळाली नाही. उतारवयात ते चळवळीचे कागद जमवत बसले: पत्रकं, ठराव, भूमिगत काळातली पत्रं. तो संग्रह आज दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांच्याच नावानं आहे.