खुडूक कोंबडीचे काय करायचे?

शाळेच्या आवारात किंवा घराच्या परसात पाच-सहा कोंबड्या पाळल्या, की एक दिवस हमखास असा येतो. नियमित अंडी देणारी एखादी कोंबडी खुराड्यातून बाहेरच पडत नाही. हात पुढे केला की पिसे फुलवते, गुरगुरते, चोच मारते. दिवसातून एकदा खाली उतरते, घाईघाईने दाणापाणी उरकते, भलीमोठी घाणेरड्या वासाची विष्ठा टाकते आणि पुन्हा जागेवर. मुले विचारतात, "बाई, ही आजारी आहे का?"

आजारी नाही, ती खुडूक झाली आहे. घरच्यांची तक्रार मात्र वेगळी असते : अंडी बंद झाली! या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे.

घरट्यात अंडी साठू लागली, पोटाच्या कातडीला त्यांचा स्पर्श होऊ लागला, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक जास्त प्रमाणात स्रवू लागते. अमेरिकेत ऑस्कर रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंड्यावरच्या कोंबड्यांना प्रोलॅक्टिन टोचले, तेव्हा त्या खुडूक झाल्या. १९३५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. या संप्रेरकाच्या प्रभावाखाली अंडाशय आक्रसते. पोटाची पिसे गळतात आणि उघडी पडलेली कातडी गरम व संवेदनशील बनते. तिला अंड्यांचा स्पर्श अधिकच जाणवतो आणि त्या स्पर्शाने प्रोलॅक्टिन टिकून राहते. असे हे चक्र आहे. म्हणून अंडी काढून घेतली तरी कोंबडी उठत नाही. नुसत्या पेंढ्यावरही बसून राहते. पिल्ले निघायला २१ दिवस लागतात, पण खाली काहीच नसेल तर ती त्याहूनही जास्त दिवस बसते. वजन उतरते, अंगावर उवा वाढतात.

तेव्हा चक्र तोडायचे ते स्पर्शाच्या जागी. तळाला जाळी असलेला पिंजरा घ्यावा, चार विटांवर उचलून ठेवावा. पेंढा, गोणपाट काही घालू नये. खालून वारा लागला पाहिजे, भोवती उजेड हवा, पण ऊन-पाऊस नको. दाणा व पाणी भरपूर द्यावे. घरट्याचा संपर्क सुटला की प्रोलॅक्टिन एक-दोन दिवसांतच उतरू लागते. बहुतेक कोंबड्या तीन-चार दिवसांत ताळ्यावर येतात. सोडल्यावर तडक घरट्याकडे धावली तर आणखी दोन दिवस. पहिल्याच दिवशी ओळखली तर काम लवकर होते. पंधरा दिवस बसू दिली तर अंडाशय पूर्ववत व्हायलाही तितकाच वेळ लागतो.

गावाकडे अशा कोंबडीला पाण्यात बुचकळतात, नाकपुडीत पीस खुपसतात, कुणी उपाशी ठेवतात. पाण्याने पोट थंड होते, त्यामुळे त्या उपायात थोडे तथ्य आहे; पण ओला जीव थंडीत कुडकुडतो. पीस आणि उपास हे निव्वळ छळ आहेत. उपाशी कोंबडी अंडी घालणार कोठून?

दिवसातून दोनदा अंडी उचलली आणि संध्याकाळी घरटी बंद केली, तर ही वेळ कमी येते. लेगहॉर्न कोंबडी क्वचितच खुडूक होते. खुडूक होणाऱ्या कोंबड्या अंडी कमी देतात म्हणून त्यांची पैदास पिढ्यान्‌पिढ्या टाळली गेली, त्याचा हा परिणाम. पण मग पिल्लांसाठी यंत्र लागते. देशी कोंबडी तेच काम फुकट करते आणि पिल्लांना चरायलाही शिकवते. कळपात कोंबडा असेल, तर वर्षातून एकदा एकीला बसू द्यावे असे आम्हांला वाटते. दहा-बारा ताजी अंडी एकाच दिवशी खाली ठेवावीत व प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करावी. कारण इतर कोंबड्या त्याच घरट्यात अंडी घालून जातात. बिनखुणेचे अंडे रोज काढून घ्यावे. सातव्या रात्री अंडे विजेरीसमोर धरून मुलांना आतल्या लाल रक्तवाहिन्यांचे जाळे दाखवता येईल.

पिंजऱ्यातून सोडलेल्या कोंबडीच्या तुऱ्यावर मुलांना लक्ष ठेवायला सांगावे. बसलेल्या कोंबडीचा तुरा आक्रसून फिका पडलेला असतो. अंडाशय कामाला लागले की तो पुन्हा भरतो, लालबुंद होतो. आणि मग थोड्याच दिवसांत घरट्यात अंडे दिसते.